पुण्याच्या हवेत फुलांचं बी पेरताना

परदेशी बियांच्या पाकिटावर ‘थंडी ओसरली की पेरा’ असं छापलेलं असतं. ते सरळ मानून पुण्यात मार्चमध्ये पेटुनिया किंवा पॅन्सी पेरली, तर रोपं चार पानांवर यायच्या सुमारास पारा ३८ अंशांना टेकतो आणि अख्खा ट्रे आठवड्याभरात करपतो. बी चांगलं असतं, मातीही चांगली असते. चुकलेली असते ती वेळ. म्हणून माती-खताच्या आधी पुण्याचं वेळापत्रक समजून घ्या. नवशिक्यांचं पुष्कळसं बी इथेच वाया जातं, आणि हे नुकसान टाळायला एक पैसाही लागत नाही.

कधी काय पेरायचं

पावसाळी पेरणी जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालते. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, कोंबडा, तेरडा, गोम्फ्रेना, सूर्यफूल, आणि वेलींमध्ये गोकर्ण व गणेशवेल. ही सगळी उबेची झाडं. माती २४ ते २८ अंशांवर असली की भराभर उगवतात. पहिल्यांदाच पेरत असाल तर झेंडू आणि झिनिया यांनीच सुरुवात करा. बी मोठं, चिमटीत धरता येतं, तीन ते सात दिवसांत कोंब दिसतो आणि थोडंफार चुकलं तरी ती सावरून घेतात.

हिवाळी पेरणी ही पुण्याची खरी मौज, कारण इथली थंडी या फुलांना अगदी मानवते. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत ही पेरणी होते, पण सगळं एकाच दिवशी पेरायचं नसतं. कॅलेंडुला, डायंथस, फ्लॉक्स, पेटुनिया, अँटिऱ्हिनम, नॅस्टर्शियम ही ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरून घ्या. पॅन्सी, लार्कस्पर आणि स्वीट पी यांना थांबवून ठेवा. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी ३२-३३ अंश असतात, बाल्कनीच्या तापलेल्या फरशीवर त्याहून जास्त, आणि पॅन्सीच्या बियांची उगवण २५ अंशांच्या वर झपाट्याने घसरते. ऑक्टोबरच्या वीस-बावीस तारखेनंतर रात्री गार व्हायला लागल्या, की मग ही पेरा. पॅन्सीचा ट्रे घरातल्या सगळ्यात गार फरशीवर, बहुधा मोरीच्या किंवा उत्तरेच्या खिडकीच्या बाजूला, कोंब येईपर्यंत ठेवला तर फरक स्पष्ट दिसतो.

उन्हाळ्यासाठी फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चअखेर एवढाच काळ. झिनिया, पिवळा-नारिंगी कॉसमॉस, पोर्तुलाका, सदाफुली, सूर्यफूल. एप्रिलच्या मध्यानंतर बी पेरायला जाऊ नका. ट्रेमधली चमचाभर माती दुपारच्या दोन तासांत कोरडीठाक होते आणि नुकता फुटलेला कोंब तेवढ्यात संपतो. सरळ जूनची वाट पाहा.

सणासाठी फुलं हवी असतील तर उलटं मोजायचं. आफ्रिकन झेंडू, म्हणजे हारातला मोठा गोंडा, पेरणीपासून फुलावर यायला ८० ते ९० दिवस घेतो. दसरा दरवर्षी सरकतो, म्हणून तारीख पाठ करून उपयोग नाही. २०२३ मध्ये दसरा २४ ऑक्टोबरला होता, तेव्हा ८५ दिवस धरून पेरणी ३१ जुलैची. २०२५ मध्ये तो २ ऑक्टोबरला आला, म्हणजे पेरणी ९ जुलैची. शेंडा खुडणार असाल तर आणखी आठ-दहा दिवस आधी पेरा. छोट्या फ्रेंच झेंडूला ५५ ते ६५ दिवस पुरतात, तो उशीर झालेल्यांच्या मदतीला येतो. एम्प्रेस गार्डनमधलं पुष्पप्रदर्शन जानेवारीच्या अखेरीस भरतं. त्या सुमारास आपल्याही कुंड्या भरलेल्या हव्यात असं वाटत असेल, तर पेटुनियाला १० ते १२ आठवडे आणि पॅन्सीला १२ ते १४ आठवडे लागतात हे लक्षात ठेवून ऑक्टोबरची पेरणी चुकवू नका.

बी घेताना

मार्केट यार्डाच्या आणि मंडईच्या भागातल्या बियाणांच्या दुकानांत सुटं आणि पाकीटबंद दोन्ही मिळतं. सोलापूर रस्त्याला मांजरीपासून उरुळी कांचनपर्यंत रोपवाटिकांची रांग आहे. तिथे बियांपेक्षा तयार रोपं जास्त, पण ट्रे आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, तिथूनच आणलेलं बरं. पाकिटावर किंमत नंतर पाहा, आधी पॅकिंगची तारीख आणि उगवणक्षमतेचा आकडा पाहा. फ्लॉक्स, व्हर्बिना, ॲस्टर, लार्कस्पर, पॅन्सी यांचं बी वर्ष-दीड वर्षात मंदावतं, तिथे जुनं पाकीट घेऊच नका. झेंडू दोन-तीन वर्षं चालतो. झिनिया त्याहूनही चिवट.

पाकिटावर ‘एफ-१’ असेल तर ते संकरित बी. फुलं एकसारखी आणि भरघोस येतात, पण त्याच फुलांचं बी पुढच्या वर्षी धरलं तर एका ट्रेमध्ये उंच, बुटकी, एकेरी, दुहेरी अशी सगळी सरमिसळ निघते. गुलाबी किंवा हिरव्या रंगाचं बी म्हणजे बुरशीनाशक लावलेलं. ते मुलांच्या हातात देऊ नका आणि पेरून झाल्यावर साबणाने हात धुवा.

घरात जुनं बी पडलेलं असेल तर ट्रे भरण्याआधी परीक्षा घ्या. टिश्यू पेपर ओला करून घट्ट पिळा, त्यावर दहा बिया मांडा, घडी घालून झाकणाच्या डब्यात ठेवा. त्या फुलाला जेवढे दिवस लागतात तेवढे थांबा. सहाहून जास्त फुटल्या तर निर्धास्त पेरा. तीन ते सहा फुटल्या तर दुप्पट पेरा. त्याहून कमी असतील तर नवं पाकीट आणा.

माती, म्हणजे खरं तर मातीविना

कुंडीतली काळी माती बी रुजवायला नको. ती पाण्याने चिकटते आणि वाळली की तडकते. रोपवाटिकेत मिळणारी लाल मातीही नको, कारण दोन-तीनदा पाणी दिलं की तिच्यावर पापडी धरते आणि बारीक कोंब त्या पापडीखालीच वाकून राहतो. कोकोपीटवर आधारलेलं मिश्रण घ्या: दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (भाजून फुगवलेले पांढरे, हलके दगडी कण) आणि एक भाग बारीक चाळलेलं गांडूळखत. पेटुनियासारख्या धुळीएवढ्या बियांसाठी गांडूळखत निम्मं करा. बी सुरुवातीला स्वतःच्या शिदोरीवर जगतं, त्याला खत लागत नाही, आणि खतातून बुरशी व बारीक माश्या मात्र येतात.

परलाइट मिळालं नाही तर जाडसर वाळू चालते, पण हल्ली पुण्यात बांधकामाच्या ढिगात जी असते ती क्रश सँड. तिच्यात दगडाची भुकटी असते आणि ती ओली होऊन वाळली की सिमेंटसारखी बसते. बादलीत घेऊन वरचं पाणी नितळ होईपर्यंत, पाच-सहा वेळा, धुवा आणि मगच वापरा.

कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट तीन ते चार लिटर पाण्यात फुगून आठ-नऊ लिटर होते. फुगल्यावर जुन्या ओढणीत किंवा पंचात घालून पिळा, पुन्हा पाणी घाला, पुन्हा पिळा. निथळणारं पाणी आधी चहासारखं तांबडं असतं, ते फिकट होईपर्यंत करा. नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि न धुतलेल्या कोकोपीटमध्ये कोंबांच्या पानांच्या कडा जळतात. ‘वॉश्ड’ लिहिलेली वीटही एकदा धुतलेली बरी.

मिश्रण किती ओलं हवं, हे हाताने ठरवायचं. मूठभर घेऊन दाबा. बोटांतून फार तर एखादा थेंब यावा आणि मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहावा. अंगठ्याने टिचकी मारली की तो सुटावा. हाच वाफसा. पाणी गळायला लागलं तर पसरून तासभर वाळू द्या, आणि गोळाच होत नसेल तर पाणी शिंपडून पुन्हा कालवा. मिश्रण भरायच्या आधीच ओलं करायचं. कोरडं कोकोपीट ट्रेमध्ये भरून वरून पाणी ओतलं तर ते तरंगतं आणि बीही त्याच्याबरोबर एका कोपऱ्यात जमा होतं.

भांडी

झेंडू, झिनिया, कॉसमॉससाठी ५० खणांचा प्रो-ट्रे, बारीक बियांसाठी ९८ खणांचा. ट्रे नसेल तर दही-श्रीखंडाचे डबे, कागदी किंवा प्लास्टिकचे चहाचे कप चालतात. तळाला तापलेल्या सुईने किंवा स्क्रूड्रायव्हरने चार भोकं पाडायची. बाजूला पाडून उपयोग नाही, तळाशी पाणी साठतंच. खोली दोन ते अडीच इंच पुरे. अंड्यांचा कागदी ट्रे दिसायला सोयीचा वाटतो, पण तो मातीतलं पाणी ओढून घेतो आणि आठवड्यात त्याला बुरशी धरते, म्हणून तो टाळाच. जुने ट्रे असतील तर साबणाने घासून, कडक उन्हात दिवसभर पालथे घाला.

नावाची पट्टी आईस्क्रीमच्या काडीची करा आणि त्यावर पेन्सिलने फुलाचं नाव व तारीख लिहा. स्केचपेन पंधरा दिवसांत उन्हाने उडतं, पेन्सिल राहते. ही पट्टी हौसेची नाही. बी उगवलं नाही असं समजून ट्रे रिकामा करण्याआधी तारखेकडे पाहायचं असतं.

भिजवायचं कुठलं, नाही कुठलं

सगळंच बी रात्रभर भिजवायची सवय कडधान्यांवरून येते. फुलांत ती जपून वापरा. झेंडू, झिनिया, कॉसमॉस, फ्लॉक्स, पेटुनिया यांना भिजवू नका. भिजवलं तर चिकटतं, कुजतं. नॅस्टर्शियम सहा ते आठ तास, गुलबाक्षी आणि स्वीट पी रात्रभर.

गोकर्णाचं बी मात्र नुसत्या भिजवण्याला दाद देत नाही. त्याचं कवच पाणी आत घेतच नाही. बी हातात घेऊन पाहा: एका कडेला बारीक खाच दिसते, तो त्याचा डोळा, तिथूनच मूळ निघतं. डोळ्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला पॉलिश पेपरवर किंवा नखांच्या कानशीवर चार-सहा वेळा घासा. काळ्या-करड्या कवचातून आतला फिका रंग टिकलीएवढा दिसला की थांबा. आणखी घासलं तर आतली डाळ दुखावते. मग कोमट पाण्यात आठ ते बारा तास ठेवा. सकाळी ज्या बिया फुगून दुप्पट झाल्या असतील त्या लगेच पेरा. ज्या तशाच टणक राहिल्या त्यांच्यात पाणी शिरलेलं नाही, त्या पुन्हा घासून पुन्हा भिजवा. अशी तयारी केलेली गोकर्ण पाच ते दहा दिवसांत वर येते. एरवी तीच महिनाभर मातीत गप्प पडून राहते आणि लोक दुकानदाराला दोष देतात. मॉर्निंग ग्लोरी आणि गणेशवेलीलाही हीच रीत, फक्त घासणं हलकं.

पेरणी

१. ट्रे किंवा डबा मिश्रणाने काठोकाठ भरा, दोनदा जमिनीवर हलकेच आपटा. अंगठ्याने दाबून बसवू नका, आतली हवा जाते.

२. मोठ्या बियांसाठी पेन्सिलच्या टोकाने खड्डा करा. खोली बियांच्या जाडीच्या दोन ते तीनपट. झेंडू आणि झिनिया अर्धा सेंटिमीटर, सूर्यफूल, नॅस्टर्शियम (ही दोन्ही थेट कुंडीत), गोकर्ण दीड ते दोन सेंटिमीटर. एका खणात एक बी, शंका असेल तर दोन.

३. बारीक बी मोजून टोकता येत नाही. पेटुनियाचं एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या आसपास बी बसतं. ते चमचाभर कोरड्या बारीक वाळूत मिसळा, पोस्टकार्डासारखा जाड कागद मधोमध दुमडा आणि त्या घडीतून बोटाने टिचक्या मारत पसरा. वाळू पांढरट असल्याने कुठे पडलं, कुठे नाही ते दिसतं. मातीचं आवरण चढवून मोहरीएवढं केलेलं ‘पेलेटेड’ पेटुनिया मिळालं, तर ते एकेक ठेवता येतं. मात्र गोळी विरघळेपर्यंत वरचा थर क्षणभरही वाळू द्यायचा नाही.

४. झाकायचं की नाही, हे फुलावर आहे. पेटुनिया, अँटिऱ्हिनम, ॲलिसम, एजरेटम, इम्पेशन्स, पोर्तुलाका यांना उगवायला उजेड लागतो. ती वरच ठेवा, सपाट वाटीच्या बुडाने हलकेच टेकवा, एवढंच. फ्लॉक्स, पॅन्सी, व्हर्बिना, कॅलेंडुला, नॅस्टर्शियम, सदाफुली यांना अंधार हवा. त्यांच्यावर मिश्रणाचा पातळ थर चाळा आणि कोंब येईपर्यंत वर वर्तमानपत्राची घडी ठेवा.

५. पाणी खालून द्या. परातीत बोटभर पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवा, वरचा थर गडद दिसला की उचला आणि निथळू द्या. वरून द्यायचंच असेल तर बारीक फवाऱ्याने. झारीचं पाणी बारीक बी वाहून नेतं.

६. वर पारदर्शक झाकण, नाहीतर प्लास्टिकची पिशवी, तीन-चार भोकं पाडून. ट्रे उजेडात ठेवा पण थेट उन्हात नाही. प्लास्टिकखाली ऊन आलं तर अर्ध्या तासात आत भट्टी होते.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल, आणि पुण्यात मार्चनंतर अनेक सोसायट्यांत ते असतंच, तर ट्रेपुरतं पालिकेचं किंवा फिल्टरचं पाणी बाजूला काढून ठेवा. दिवसाला जेमतेम एक-दोन लिटर लागतं. जड पाण्याने मिश्रणावर पांढरट थर येतो आणि कोंब पिवळे पडतात.

उगवण्याची वाट पाहताना

झिनिया तीन ते सहा दिवस, झेंडू चार ते सात, कॉसमॉस पाच ते सात, कोंबडा सहा ते दहा, पेटुनिया सात ते दहा, फ्लॉक्स आणि अँटिऱ्हिनम आठ ते चौदा, पॅन्सी दहा ते पंधरा. व्हर्बिना सगळ्यात हट्टी, दोन ते तीन आठवडे, आणि तिला जास्त ओलही सोसत नाही. तिचं मिश्रण पेरणीच्या आदल्या दिवशी ओलं करून ठेवा आणि नंतर उगवेपर्यंत जवळजवळ पाणी देऊ नका. या मुदतीच्या दीडपट वेळ गेल्याशिवाय माती उकरून पाहू नका. उकरून पाहिलेल्या बीचं मूळ तुटतं आणि ते तिथेच संपतं.

निम्मं बी वर आलं की झाकण काढायचं. त्याच दिवशी, संध्याकाळी. अनेक जण सगळं उगवेपर्यंत झाकण ठेवतात, आणि मागून आलेल्या चार रोपांपायी आधी आलेली पन्नास गमावतात. झाकणाखालची दमट, स्थिर हवा बी फुटायला चांगली, पण फुटलेल्या रोपाला ती घातक.

आता उजेडाचं. कोंब दिसल्या दिवसापासून ट्रेला पूर्वेचं सकाळचं तीन-चार तास ऊन हवं. ते मिळालं नाही तर रोपं दोन दिवसांत दोऱ्यासारखी लांब होऊन एका बाजूला कलतात, आणि अशी उंचाडलेली रोपं नंतर कितीही उन्हात ठेवली तरी जाड होत नाहीत. घर पश्चिमेचं असेल तर दुपारी दोनपासून ५० टक्के शेडनेट किंवा पांढरी ओढणी आड लावा. पावसाळ्यात सलग ढग असले की हाच त्रास होतो. तेव्हा ट्रे कठड्याजवळ, पण पावसाचे थेंब थेट पडणार नाहीत असा, जितका उघड्यावर नेता येईल तितका न्या. बुंध्याशी हलका पंखा दिवसातून तास-दीड तास लावला तर देठ बळकट होतात, हे खरोखर उपयोगी पडतं.

रोपं अचानक आडवी होतात तेव्हा

नवशिक्यांना सगळ्यात जास्त रडवतो तो मर रोग. काल ट्रे हिरवागार होता, आज सकाळी एका कोपऱ्यातली दहा रोपं झोपलेली. वाटतं, पाणी कमी पडलं. लोक आणखी पाणी घालतात आणि संध्याकाळपर्यंत अर्धा ट्रे जातो. नीट जवळून पाहा: पानं अजून हिरवी, ताठ असतात. देठ मात्र मातीच्या अगदी लगत, बाजरीच्या दाण्याएवढ्या भागात, पाणचट आणि बारीक झालेला असतो, जणू तिथे कोणी दोरा आवळला आहे. तहानेने कोमेजलेल्या रोपाची पानं आधी मऊ पडतात, देठ शाबूत असतो. एवढा फरक ओळखता आला की निम्मी लढाई जिंकली.

हे काम मातीतल्या बुरशीचं, बहुधा पिथियम किंवा रायझोक्टोनिया. पिथियम पाण्याच्या पातळ थरातून रोपाकडून रोपाकडे पोहत जाते, म्हणून ओल जितकी जास्त आणि रोपं जितकी दाट, तितका प्रसार वेगात. उपाय लगेच करायचे. आडवी झालेली रोपं आणि त्यांच्याभोवतीचं इंचभर मिश्रण चमच्याने उचलून कचऱ्यात टाका, कंपोस्टच्या डब्यात नाही. पाणी थांबवा. ट्रे वाऱ्यावर ठेवा. उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात मातीत एकदा द्या. रोग यायच्या आधीचा उपाय म्हणजे पेरणीच्या वेळी मिश्रणात ट्रायकोडर्मा, लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम. हे दोन्ही एकाच वेळी देऊ नका. ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे, बुरशीनाशक तिलाही मारतं.

मात्र औषधांवर विसंबू नका. विरळ पेरणी, सकाळीच पाणी, आणि वरचा थर फिकट दिसल्याशिवाय पुन्हा पाणी नाही, या तीन गोष्टी पाळल्या तर औषधाची पुडी बहुतेक उघडावीच लागत नाही. संध्याकाळचं पाणी रात्रभर देठाशी साचून राहतं, ते टाळा.

मिश्रणावर पांढरा कापसासारखा थर दिसला तर घाबरू नका. तो बहुधा सेंद्रिय खतावर जगणारा साधा बुरा असतो. काट्याने वरचा थर हलवा, हवा लागू द्या. हिरवट शेवाळ आलं तर पाणी जास्त होतंय. ट्रेभोवती बारीक काळ्या माश्या फिरत असतील तर तीच गोष्ट. वरचा थर वाळू द्या आणि पिवळा चिकट कागद लावा. बियाच गायब झाल्या तर मुंग्या. त्यांना झिनिया आणि पोर्तुलाका फार आवडतात. ट्रे वाटीतल्या पाण्यात उभ्या केलेल्या पायांवर ठेवा. कोंब वरून तोडलेले दिसले तर पुण्यात तरी पहिला संशय कबुतरांवर आणि पावसाळ्यात गोगलगायींवर घ्यावा. कबुतरांना जाळी, गोगलगायींना रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचणं.

रोपं हलवणं

पहिली दोन पानं ही बियांतली, साधी गोलसर. त्यांच्यामधून येणारी तिसरी-चौथी पानं खरी, त्या फुलाच्या आकाराची. झेंडूची कातरलेली, झिनियाची लांबट. खऱ्या पानांच्या दोन जोड्या आल्या की डब्यात दाट पेरलेली रोपं वेगवेगळ्या कपांत किंवा तीन इंची पिशव्यांत लावा. रोप पानाला धरून उचला, या कोवळ्या वयात देठाला कधीच नाही. पान फाटलं तर दुसरं येतं, देठ चिरडला तर रोप जातं. खालून आईस्क्रीमच्या काडीने मूळ सोडवायचं. लांबडलेलं झेंडूचं रोप बियांच्या पानांपर्यंत खोल लावलं तर देठाला नवी मुळं फुटतात. पेटुनिया, पॅन्सी मात्र होती त्याच खोलीला लावा.

याच वेळी पहिलं खत, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, आठवड्यातून एकदा. जास्त दिलं तर रोप लुसलुशीत वाढतं आणि मावा त्याच्यावर आधी बसतो.

प्रो-ट्रेमधलं रोप तयार झालं की नाही, ते ओढून कळतं. बुंध्याशी धरून हलकेच उचललं की मातीचा गड्डा न फुटता पांढऱ्या मुळांनी बांधलेला बाहेर यायला हवा. झेंडूला त्यासाठी २५ ते ३० दिवस, पेटुनियाला ४० ते ४५. मुळं तपकिरी होऊन गोल फिरायला लागली तर उशीर झाला. कुंडीत लावण्याआधी आठवडाभर पाणी थोडं कमी करा आणि रोज तासाभराने ऊन वाढवा. लागवड संध्याकाळीच करा. आठ-दहा इंची कुंडीत पेटुनियाचं एक, बारा इंची कुंडीत आफ्रिकन झेंडूचं एक किंवा फ्रेंच झेंडूची तीन रोपं पुरे. दाट लावल्याने फुलं वाढत नाहीत.

झेंडू, पेटुनिया, डायंथस, अँटिऱ्हिनम यांचा शेंडा पाच-सहा पानांच्या जोड्यांवर नखाने खुडा, फांद्या फुटून झाड भरतं. कोंबडा आणि एका देठाचं सूर्यफूल यांचा शेंडा खुडू नका, त्यांचं मुख्य फूल तिथेच येतं.

काही फुलांना मुळं हलवलेली मुळीच चालत नाहीत: लार्कस्पर, पॉपी, नॅस्टर्शियम, स्वीट पी, सूर्यफूल, गणेशवेल. ती जिथे फुलवायची त्याच कुंडीत पेरा, जास्तीची नंतर कात्रीने मातीलगत कापा. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं.

बी धरून ठेवणं

दसऱ्याच्या तोरणातला वाळलेला झेंडू चुरून पेरायची पद्धत पुण्यात घरोघरी आहे. त्यातून रोपं येतात, पण कमी, कारण हाराची फुलं बी भरण्याआधीच तोडलेली असतात. चुरल्यावर काड्या हातावर घेऊन नखाने दाबा. काळी, टणक आणि सरळ राहिली ती भरलेली. चपटी, करडी, वाकणारी ती पोकळ. चांगलं बी हवं असेल तर झाडावरची दोन-तीन सुरेख फुलं खुडू नका, देठ तपकिरी होईपर्यंत तिथेच वाळू द्या.

धरलेलं बी सावलीत आठवडाभर वाळवून कागदी पुडीत घाला. पुडीवर नाव आणि वर्ष. सगळ्या पुड्या घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, तळाशी सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाकून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीझरमध्ये नाही. पेरणीच्या दिवशी बरणी बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका. खोलीच्या तपमानाला यायला तिला दोन-तीन तास द्या, नाहीतर बाहेरच्या दमट हवेतलं पाणी थंड बियांवर जमतं आणि उरलेलं बी पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही.